बुलढाण्याचा मुलगा कोणत्या राज्याचा?

मागच्या पावसाळ्यात मामाचा फोन आला. नेहमीची विचारपूस झाली नाही. थेट म्हणाला, "बाई, तू एवढी पीएचडी करतेस, तर एक सांग मला. माझा पोरगा महाराष्ट्राचा आहे का नाही?"

मला आधी वाटलं, मामा चिडून बोलतोय. पण त्याला खरंच उत्तर हवं होतं. मामाचं गाव मलकापूर तालुक्यात, घाटाखाली. मामेभाऊ दहावीपर्यंत गावाजवळच शिकला, चांगले मार्क पडले, आणि मग आजकाल बरेच जण करतात तसं त्याला 'नीट'च्या तयारीसाठी राजस्थानात कोट्याला पाठवलं. तिथे अकरावी-बारावीचं नाव कुठल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न आला तेव्हा मधल्या माणसाने सांगितलं, "बोर्ड कुठलंही चालतं, नीटचा स्कोर महत्त्वाचा." म्हणून बारावी राजस्थानातल्या एका शाळेतून झाली. नीटचा स्कोर बरा आला. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या राज्य कोट्याचा फॉर्म भरायला बसले, आणि माहितीपुस्तिकेतली अट समोर आली: डोमिसाइल तर हवंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून पास झालेली हवी. केंद्र सरकारी कर्मचारी, सैन्यातले लोक अशा काहींच्या मुलांना सवलत आहे. मामा शेतकरी आहे.

फोन ठेवल्यावर मी आणखी एक गोष्ट तपासली. हाच मुलगा इंजिनिअरिंगला गेला असता तर? एनआयटीमध्ये निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, आणि 'राज्य' ठरतं ते विद्यार्थ्याने बारावी कुठून पास केली त्यावरून. म्हणजे जयपूरच्या एनआयटीत तो 'घरचा' ठरला असता आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत 'बाहेरचा'. मलकापूरहून नागपूरला सरळ रेल्वे आहे. जयपूर त्याने पाहिलेलंही नाही.

एकच मुलगा, एकच गुणपत्रिका. एक नियम म्हणतो तू राजस्थानचा, दुसरा म्हणतो तू महाराष्ट्राचा नाहीस, आणि तहसीलमधून काढलेलं डोमिसाइल म्हणतं तू महाराष्ट्राचाच.

माझं संशोधन वऱ्हाडातल्या माध्यमिक शिक्षणाच्या इतिहासावर आहे. तीन वर्षं मी विद्यापीठांची जुनी कॅलेंडरं, गॅझेटिअर, कायदे वाचतेय. पण मामाने विचारला तसा सरळ प्रश्न मी माझ्या साधनांना कधी विचारला नव्हता. या लेखात तोच विचारून बघणार आहे. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटच्या तयारीत आहेत आणि 'विषय सापडत नाही' म्हणतात, त्यांच्यासाठी हा एक नमुनाही समजा. विषय कधी कधी घरच्या ट्रंकेत पडलेला असतो.

आधी प्रश्न नीट मांडू

परराज्यातल्या सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठात प्रवेश घ्यायचा असला की ज्या अटी समोर येतात, त्या माझ्या मते तीन जातीच्या असतात.

पहिली: तू काय शिकलास? कोणते विषय, किती मार्क. उदाहरणार्थ, मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवंच. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला जायचं तर गणित हवं. आपल्याकडे कॉमर्सच्या किती मुली बारावीला गणित सोडतात आणि नंतर पस्तावतात, ते तुम्ही पाहिलं असेल.

दुसरी: ते शिकलास हे कोण सांगतं? कोणतं बोर्ड, कोणतं विद्यापीठ, आणि त्याला इथे मान्यता आहे का.

तिसरी: तू कुठे राहून शिकलास? कोणत्या राज्यात, किती वर्षं.

आजच्या फॉर्ममध्ये या तिन्ही अटी एकाखाली एक येतात, म्हणून त्या सारख्याच वाटतात. पण त्या एकाच वेळी जन्मलेल्या नाहीत. पहिली एकोणिसाव्या शतकातली. दुसरी मुख्यतः १९२० च्या आसपासची. तिसरी स्वातंत्र्यानंतर पक्की झाली. आणि बुलढाण्यासारखा जिल्हा घेतला की हे फार स्पष्ट दिसतं, कारण हा जिल्हा जागेवरून हलला नाही, पण त्याच्यावरचं सरकार, विद्यापीठ आणि बोर्ड पुन्हा पुन्हा बदललं.

मुंबईची मॅट्रिक

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, असा तो विचित्र मामला होता. बुलढाणा जिल्हा त्यानंतर आकाराला आला, आणि १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके अकोल्याकडून याच्यात आले. नकाशा समोर घ्या. पश्चिमेला खानदेश, म्हणजे मुंबई इलाखा. उत्तरेला निमाड, म्हणजे मध्य प्रांत. दक्षिणेला जालना, म्हणजे थेट निजामाचं राज्य. तीन बाजूंना तीन वेगळी सरकारं.

अशा ठिकाणच्या मुलाने हायस्कूल करून पुढे कुठे जायचं? १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. मुंबईची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली, न्या. रानडे त्या पहिल्या तुकडीतले. आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आज आपण 'मॅट्रिक' म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा समजतो. मुळात ती शाळेची परीक्षाच नव्हती. ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. मॅट्रिक होणं म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं. पेपर विद्यापीठ काढायचं, विषय विद्यापीठ ठरवायचं, आणि हायस्कूल त्याच्यामागे धावायचं.

त्यामुळे हायस्कुलात काय शिकवायचं, हे कॉलेजला काय हवं त्यावरून ठरायचं. १८६० च्या दशकात मुंबई विद्यापीठाने पदवीच्या अभ्यासातून देशी भाषा काढून संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषा आणल्या. कॉलेजात संस्कृत लागणार म्हटल्यावर हायस्कुलातच त्याचा पाया घालणं आलं. मराठीला विद्यापीठात परत जागा मिळावी म्हणून रानडे अनेक वर्षं झगडले आणि एम.ए.च्या पातळीवर ती मिळेपर्यंत १९०१ साल उजाडलं. 'कोर्स रिक्वायरमेंट' हा शब्द आज अमेरिकेला जाणाऱ्या मुलांच्या तोंडी ऐकू येतो, पण गोष्ट आपल्याकडे दीडशे वर्षं जुनी आहे.

वऱ्हाडात तेव्हा कॉलेज नव्हतं. अकोला, अमरावतीची हायस्कुलं मुलांना मुंबईच्या मॅट्रिकसाठी तयार करायची. ती पास झालेला मुलगा मुंबईला किंवा पुण्याला जायचा. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी पदवी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून घेतली, ती याच वाटेने. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळहून मलकापूर, शेगाव, अकोला करत नागपूरला पोचली. बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. पण मलकापूरला गाडीत बसलं की मुंबई सरळ होती.

आता मामाचा प्रश्न १८८० मध्ये नेऊन विचारा: हा मुलगा कोणत्या राज्याचा? मुंबई विद्यापीठ म्हणालं असतं, आम्हाला काय करायचंय? तो इंग्रजीत, दुसऱ्या भाषेत, गणितात आणि सामान्य ज्ञानात पास झाला का, ते सांगा. निजामाच्या मालकीच्या, इंग्रजांच्या कारभाराखालच्या मुलखातला मुलगा मुंबई इलाख्यातल्या कॉलेजात बसत होता, आणि त्याला 'बाहेरचा' ठरवणारी अट मला तरी प्रवेशाच्या नियमांत दिसलेली नाही.

पण हे वाचून तो सुवर्णकाळ होता असं समजू नका. त्या परीक्षेपर्यंत पोचणारेच मूठभर होते. जातीने, पैशाने, आणि मुलगी असल्यामुळे दार आधीच बंद झालेलं असायचं. सीमेची अट नव्हती, कारण सीमेपर्यंत येणाऱ्यांची गर्दीच नव्हती. संशोधनात 'पूर्वी अमुक नव्हतं' असं लिहिताना 'का नव्हतं' हेही लिहावं लागतं. हे मला माझ्या गाइडनी पहिल्या प्रकरणाच्या तीन मसुद्यांत शिकवलं.

१९०४: विद्यापीठांना हद्द मिळते

सुरुवातीला विद्यापीठांनाही ठरलेली हद्द नव्हती. कलकत्ता विद्यापीठाशी लाहोर, रंगून, अगदी सिलोनमधली कॉलेजंही कधी ना कधी जोडलेली होती. १८८३ मध्ये निघालेलं नागपूरचं हिस्लॉप कॉलेजही आधी कलकत्त्याशी जोडलेलं होतं.

मग लॉर्ड कर्झन आला. १९०२ मध्ये त्याने निजामाशी करार करून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं. लगेच १९०४ मध्ये भारतीय विद्यापीठ कायदा आला. या कायद्याने प्रत्येक विद्यापीठाची भौगोलिक हद्द आखून देण्याचा अधिकार सरकारला दिला. मध्य प्रांत अलाहाबाद विद्यापीठाच्या वाट्याला आला, आणि त्याच्याबरोबर वऱ्हाडही गेलं.

या दोन घटना इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. एक 'कर्झन आणि संस्थानं' मध्ये, दुसरी 'कर्झनचं शैक्षणिक धोरण' मध्ये. बुलढाण्याच्या मुलासाठी मात्र ती एकच घटना होती. ज्या मलकापूर स्टेशनवरून काल तो मुंबईला जात होता, त्याच स्टेशनवर आज त्याला सांगितलं गेलं की तुझं विद्यापीठ आता अलाहाबादला आहे. मराठी मुलासाठी गंगेकाठचं विद्यापीठ. पलीकडे जालन्याच्या बाजूला तर १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, आणि त्याचं माध्यम उर्दू. म्हणजे देऊळगाव राजाच्या मुलाला सगळ्यात जवळचं मोठं गाव जालना, पण त्या बाजूचं विद्यापीठ हैदराबादेत आणि उर्दूत.

लोक हद्द ओलांडून जातच राहिले. पंजाबराव देशमुख अमरावतीत शाळा करून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने दुसऱ्या प्रांतात, दुसऱ्या विद्यापीठात. तिथून १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. एडिंबरा, ऑक्सफर्ड, बॅरिस्टरी. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. ज्या माणसाला शिकायला स्वतः इतक्या हद्दी ओलांडाव्या लागल्या, त्याने पुढच्या पोरांसाठी शाळा आणि कॉलेजं जवळ आणायचा उद्योग केला, हे मला फार बोलकं वाटतं.

मंडळ, आणि 'समकक्ष' हा शब्द

मॅट्रिक ही प्रवेश परीक्षा, पण व्यवहारात तिचा उपयोग नोकरीसाठी जास्त व्हायला लागला. 'मॅट्रिक पास' ही पदवीच झाली. १८८२ च्या हंटर आयोगाने सुचवलं होतं की हायस्कूलचे दोन फाटे करा: एक विद्यापीठाकडे, एक व्यवहारी कामाकडे. पुढे १९१७-१९ च्या सॅडलर आयोगाने शालेय परीक्षा विद्यापीठाकडून काढून वेगळ्या मंडळांकडे द्यायची शिफारस केली. मध्य प्रांतात १९२२ च्या कायद्याने हायस्कूल शिक्षणाचं वेगळं मंडळ झालं. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजचं विदर्भ महाविद्यालय.

इथे एक मोठा बदल झाला, पण तो गाजावाजा न करता. आतापर्यंत विद्यापीठ स्वतः परीक्षा घेऊन स्वतः प्रवेश द्यायचं. आता परीक्षा एक संस्था घेणार आणि प्रवेश दुसरी देणार. म्हणजे प्रवेश देणाऱ्याला समोरच्याच्या कागदावर विश्वास ठेवावा लागणार. नागपूरच्या मंडळाचा कागद नागपूर विद्यापीठाला ओळखीचा. पण तोच कागद घेऊन मुलगा मुंबईला गेला तर? मुंबईवाला म्हणणार, तुमच्या शाळेत काय शिकवतात मला काय माहीत?

इथून 'समकक्ष' हा शब्द आपल्या फॉर्मांमध्ये शिरला. १९२५ मध्ये विद्यापीठांचं आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झालं. एकमेकांच्या परीक्षा आणि पदव्या मान्य करणं हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक. तेच आज भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, या नावाने चालतं. परदेशात शिकून आलेल्या मुलांना भारतात प्रवेश घेताना जे समकक्षतेचं पत्र लागतं, ते अनेक वर्षं हीच संस्था देत आली. पीएचडीच्या नोंदणीला दुसऱ्या विद्यापीठातून आलात की एलिजिबिलिटी आणि मायग्रेशनसाठी जे हेलपाटे घालावे लागतात ना, त्यांचं मूळ इथे आहे. मी स्वतः त्या खिडकीपुढे तीन दिवस उभी होते, तेव्हा हा इतिहास मला माहीत नव्हता. माहीत असता तरी रांग कमी झाली नसती म्हणा.

अमेरिकेशी थोडी तुलना करते, कारण बऱ्याच वाचकांची भावंडं तिकडे आहेत. तिथल्या मिशिगन विद्यापीठाने १८७० च्या सुमारास उलटी पद्धत सुरू केली. मुलाची परीक्षा घेण्याऐवजी प्राध्यापकच हायस्कुलात जाऊन शाळा तपासायचे, आणि शाळा पसंत पडली की तिच्या दाखल्यावर प्रवेश. तिथूनच 'कोणता विषय किती वर्षं शिकला' हे मोजण्याची सवय पडली. आज कॅलिफोर्नियाची राज्य विद्यापीठं हायस्कुलातले वर्ष-वर्षाचे पंधरा कोर्स मागतात: इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, असा हिशेब. एखाद्या मराठी कुटुंबाची बदली टेक्सासहून कॅलिफोर्नियाला झाली, तर मुलीने शाळेत काय घेतलं होतं ते त्या पंधराच्या चौकटीत बसवावं लागतं. आणि बाहेरच्या राज्यातली म्हणून फी कितीतरी जास्त. पण लक्षात घ्या: सहसा तिथे 'काय शिकलीस' याचं उत्तर प्रवेशासाठी आणि 'कुठे राहतेस' याचं उत्तर मुख्यतः फीसाठी. दोन प्रश्न बरेचसे वेगळे ठेवलेत. आपल्याकडे ते एकमेकांत मिसळले. ते कसं, ते आता पाहू.

आजोबांचा कागद

मामाचा फोन आल्यानंतर मी गावी गेले. आजोबांची ट्रंक उघडली. त्यात त्यांचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र होतं, १९५५ सालचं, आणि त्यावर राज्याचं नाव: मध्यप्रदेश.

मला हे पुस्तकातून माहीत होतं. १९५० ते १९५६ या काळात विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. तरी स्वतःच्या आजोबांच्या नावाखाली 'मध्यप्रदेश' छापलेलं बघताना वेगळंच वाटलं. त्यांनी मॅट्रिक मध्यप्रदेशात केली, कॉलेजात नाव मध्यप्रदेशात घातलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला, कॉलेजचं वर्ष चालू असतानाच, ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्राचे. कॉलेज तेच, खोली तीच, खानावळही तीच.

आजोबा नव्वदीला टेकलेत. मी विचारलं, तुम्हाला तेव्हा काय वाटलं? ते म्हणाले, "आपन तं अठीच हावोत बाप्पा, सरकारच इकळून तिकळे गेलं."

त्या एका वाक्यासाठी मी माझ्या पहिल्या प्रकरणाची चार पानं काढून टाकायला तयार आहे.

त्याच ट्रंकेत मामाचेही कागद होते. दहावी महाराष्ट्र बोर्डाची, पदवी अमरावती विद्यापीठाची. हे विद्यापीठ १ मे १९८३ ला निघालं, आणि बुलढाणा नागपूरकडून त्याच्याकडे आलं. शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच वर्षीचं. आणि आता त्याच्यावर मामेभावाची राजस्थानची बारावी. एकाच घरातल्या तीन पिढ्या, तीन कागद, तीन राज्यांची नावं. पण फरक बघा. आजोबांच्या वेळी राज्य बदललं, आणि नव्या राज्याने जुना कागद मान्य केला. त्यांचं काही अडलं नाही. नातवाच्या वेळी राज्य बदललं नाही, फक्त मुलगा दोन वर्षं बाहेर जाऊन आला, आणि अडलं.

रहिवास कधी आत आला?

योगायोग असा की आजोबा मॅट्रिक झाले त्याच १९५५ साली सुप्रीम कोर्टात एक निकाल लागला: डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत सरकार. इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेत, राज्यातल्यांकडून नाही. जोशी दिल्लीचे. त्यांचं म्हणणं, हा भेदभाव आहे. कोर्ट म्हणालं, राज्यघटनेच्या १५ व्या कलमात जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई आहे. रहिवास आणि जन्मस्थान एक नाही. राज्य आपल्या पैशाने कॉलेज चालवतं, तर आपल्या रहिवाशांना झुकतं माप देऊ शकतं.

त्यानंतर रहिवासाची अट पक्की होत गेली. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एमबीबीएसच्या सगळ्याच जागा रहिवाशांसाठी राखता येणार नाहीत, काही देशभराच्या गुणवत्तेवर भराव्या लागतील. पुढे १९८६ मध्ये हे प्रमाण १५ टक्के ठरलं. आजचा 'ऑल इंडिया कोटा' तो हाच. उरलेल्या ८५ टक्क्यांत राज्याचा नियम. आणि रहिवासाचे खोटे दाखले निघतात म्हणून पुरावा काय मागायचा? तर दहावी-बारावी कुठून केली. हे माझं वाचन आहे, कोर्टाचं वाक्य नाही: जी गुणपत्रिका 'काय शिकलास' हे सांगण्यासाठी होती, तिच्याकडून 'कुठे राहिलास' याची साक्ष घेतली जाऊ लागली. पहिल्या जातीच्या कागदाला तिसऱ्या जातीचं काम दिलं.

महाराष्ट्रात तर राज्याच्या आतही हद्दी होत्या. घटनेच्या ३७१(२) कलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची विशेष तरतूद आहे. मेडिकलच्या प्रवेशात अनेक वर्षं ७०:३० सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकी राज्याला. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून तिथून याला मोठा विरोध होता. विदर्भात काहींना वाटत होतं की हे आपलं संरक्षण आहे. आमच्या जिल्ह्याला तर दोन्ही बाजू दिसतात, कारण देऊळगाव राजा विदर्भात आणि तासाभराच्या आत असलेला जालना मराठवाड्यात.

म्हणून रहिवासाची अट मुळातच अन्यायी, असं मी म्हणणार नाही. ती नसती तर महागड्या क्लासेसची मुलं देशभरातून येऊन जागा घेतील आणि घाटाखालचा शेतकऱ्याचा मुलगा बाहेर राहील, ही भीती खरी आहे. ज्या मामेभावाला ही अट लागली, त्याच्याच वर्गातल्या, कोट्याला जाण्याची ऐपत नसलेल्या मुलाला तिने कदाचित जागा दिली असेल. माझा मुद्दा एवढाच की अट ज्यासाठी केली आणि ती जे मोजते, यांत अंतर पडलं आहे. नियमाला विचारायचं होतं 'तुझं घर कुठे आहे', पण तो विचारतो 'तुझी बारावी कुठली'.

मग संशोधनाने काय शिकवलं?

एक, प्रमाणपत्र हे साधन आहे. ते हातात आलं की चार प्रश्न विचारा: यात काय शिकल्याचं म्हटलंय, कोण म्हणतंय, कोणत्या राज्याच्या नावाने, आणि हा कागद पुढे कुठे दाखवायचा होता? आपल्या घरात अशा कागदांची थप्पी असते आणि आपण विषय शोधत ग्रंथालयात फिरतो.

दोन, नियम एकसंध दिसला तरी तो थरांचा असतो. प्रत्येक थर कधी चढला ते शोधा. मी तीन जाती वेगळ्या केल्या नसत्या, तर १८५९, १९०४, १९२५, १९५५ ही सालं माझ्या वहीत नुसती एकाखाली एक पडून राहिली असती.

तीन, जिल्हा स्थिर ठेवून सीमा हलताना बघा. सहसा आपण राज्याचा इतिहास लिहितो आणि जिल्हा त्यात उदाहरण म्हणून येतो. उलटं करून बघा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, संशोधनाबाहेरची. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी दहावी झालेलं असेल आणि अकरावीला राज्याबाहेर जाणार असेल, जळगाव जामोदहून बऱ्हाणपूरला का असेना, तर आधी त्याला ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याची चालू वर्षाची माहितीपुस्तिका काढा. 'पात्रता' हे प्रकरण पूर्ण वाचा. क्लास कुठेही लावा, पण बारावीचा फॉर्म कोणत्या राज्यातून भरायचा ते विचार करून ठरवा. मधल्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. हे नियम बदलत असतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मुलाचा अनुभवही पुरेसा नाही.

मामेभाऊ ऑल इंडिया कोट्यात थोडक्यात राहिला. सध्या तो घरून जाऊन-येऊन बी.एस्सी. करतो. परवा म्हणाला, "ताई, तू माझ्यावर पीएचडी लिहितेस का?" मी म्हटलं, तुझ्यावर नाही, तुझ्या गुणपत्रिकेवर. तो हसला, पण मामा हसला नाही.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दिलं ते असं: मामा, पोरगा महाराष्ट्राचाच आहे. कागद राजस्थानचा आहे. दीडशे वर्षांपूर्वी कागदाला फक्त अभ्यास विचारत होते, आता त्यालाच घरही विचारतात. मामा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हे बारावीच्या आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

म्हणून हा लेख मी प्रबंध पूर्ण व्हायच्या आधी लिहिलाय.